अंश रुग्णालयात, छेद गावात: काश्मीरमधील काविळीची साथ आणि हिपॅटायटिस ईचा शोध

नोव्हेंबर १९७८ मध्ये काश्मीर खोऱ्यात काविळीची मोठी साथ उघडकीस आली. रुग्णांत तरुण स्त्री-पुरुषांचा भरणा होता आणि दगावणाऱ्यांत गरोदर स्त्रियांचे प्रमाण डोळ्यांत भरण्याइतके मोठे होते. या साथीचा अभ्यास डॉ. महंमद सुलतान खुरू या पचनसंस्था व यकृतरोगांच्या तज्ज्ञाने केला. या आजाराचा विषाणू त्यांनी पाहिला नाही, वाढवला नाही, वेगळाही काढला नाही. तरीही १९८० साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी असे मांडले, की ही कावीळ हिपॅटायटिस, म्हणजे यकृतदाह, घडवणाऱ्या विषाणूंपैकी एची नाही, बीचीही नाही, आणि रक्त चढवल्यानंतर होणाऱ्या ज्या तिसऱ्या प्रकाराची त्या वेळी चर्चा होती त्याहूनही ती निराळी आहे, म्हणजे माणसाच्या यकृताला ग्रासणारा आणखी एक विषाणू असला पाहिजे. पुढच्या दहा वर्षांत त्यांचे अनुमान खरे ठरले. त्या विषाणूला आज आपण हिपॅटायटिस ई म्हणतो.

न पाहिलेल्या विषाणूविषयी इतके ठाम विधान त्यांना कशाच्या बळावर करता आले, हा या प्रकरणाचा विषय आहे. माझ्या मते त्याचे उत्तर प्रयोगशाळेत कमी आणि गावातल्या मोजणीत जास्त सापडते. आजाराचे प्रमाण हा शेवटी एक अपूर्णांक असतो. त्याचा अंश, म्हणजे आजारी पडलेली माणसे, डॉक्टरला रुग्णालयात बसूनही मोजता येतो. छेद मात्र गावातच असतो, कारण जी माणसे आजारी पडली नाहीत ती रुग्णालयात कधी येतच नाहीत.

त्या काळी काय ठाऊक होते

हिपॅटायटिसच्या विषाणूंचे ज्ञान तेव्हा नुकतेच आकाराला येत होते. बरूक ब्लुम्बर्ग यांनी १९६५ मध्ये ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ची नोंद प्रसिद्ध केली आणि तो हिपॅटायटिस बी विषाणूच्या बाह्य आवरणाचा भाग असल्याचे पुढे सिद्ध झाले. स्टीव्हन फाइनस्टोन, अल्बर्ट कपिकियन आणि रॉबर्ट पर्सेल यांनी १९७३ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हिपॅटायटिस एचा विषाणू दाखवला. या दोन्हींच्या चाचण्या हाती आल्यावर १९७५ मध्ये असे लक्षात आले, की रक्त चढवल्यानंतर होणाऱ्या अनेक काविळींमध्ये एही सापडत नाही आणि बीही सापडत नाही. त्या प्रकाराला ‘ना ए, ना बी’ असे कामचलाऊ नाव पडले. त्यातला बराच मोठा भाग हिपॅटायटिस सीचा होता, हे कळायला १९८९ साल उजाडावे लागले.

पाण्यातून पसरणाऱ्या काविळीच्या बाबतीत मात्र कोणाला शंका नव्हती. दूषित पाणी आणि कावीळ म्हणजे हिपॅटायटिस ए, हे समीकरण पाठ्यपुस्तकांत पक्के बसलेले होते, आणि त्याला भारतातल्या ज्या साथीचा दाखला हटकून दिला जाई ती होती १९५५-५६ ची दिल्लीची साथ.

दिल्लीचे कोडे

दिल्लीची हकीकत इथे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण काश्मीरमध्ये जे उलगडले ते दिल्लीत तेवीस वर्षे आधी डोळ्यांसमोर येऊन गेले होते. १९५५ च्या पावसाळ्याच्या अखेरीस यमुनेला मोठा पूर आला. पूर ओसरल्यावर नदीचे पात्र सरकले आणि नजफगढ नाल्याचे मैलापाणी, जे एरवी वजीराबादच्या उपसा केंद्राच्या खालच्या अंगाला नदीत मिसळून पुढे वाहून जात असे, ते उलटे फिरून पाणी उचलण्याच्या ठिकाणापर्यंत पोहोचले. नोव्हेंबरमध्ये सुमारे आठवडाभर शहराच्या पाण्यात सांडपाणी मिसळत होते. जलशुद्धीकरण करणाऱ्यांना ते कळले नव्हते असे नाही. त्यांनी तुरटी वाढवली, क्लोरीन वाढवला, आणि त्याचा गुणही आला, कारण विषमज्वराची किंवा आमांशाची साथ काही दिल्लीत उसळली नाही. जिवाणू मेले होते. विषाणूवर मात्र तेवढ्या क्लोरीनची मात्रा चालली नाही, आणि अधिशयनकाळाचे, म्हणजे लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचे, काही आठवडे उलटताच डिसेंबर व जानेवारीत काविळीचा लोंढा आला. डॉ. आर. विश्वनाथन यांच्या १९५७ च्या अहवालात पिवळेपणा दिसणाऱ्या रुग्णांची संख्या २९,३०० अशी दिली आहे.

त्या अहवालात दोन गोष्टी नोंदलेल्या होत्या: रुग्णांत तरुण प्रौढ अधिक होते, आणि गरोदर स्त्रियांना या काविळीचा फटका फार जबर बसला. या दोन्ही गोष्टी हिपॅटायटिस एच्या स्वभावाशी जुळणाऱ्या नव्हत्या. परंतु तेव्हा एच्या चाचणीचाच पत्ता नसल्याने त्या विसंगतीचे पुढे काही करता आले नाही, आणि साथ ‘संसर्गजन्य हिपॅटायटिस’ या सदरात जाऊन बसली. विश्वनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मी याबद्दल दोष देणार नाही. उलट, न जुळणारी निरीक्षणेही त्यांनी जशीच्या तशी लिहून ठेवली आणि रुग्णांच्या रक्तद्रवाचे नमुने जपून ठेवले गेले, हे त्यांचे मोठे उपकार आहेत. त्या नमुन्यांकडे आपण पुढे वळणारच आहोत.

विसंगती नेमकी काय होती, हे मी विद्यार्थ्यांना नेहमी आधी त्यांच्याच तोंडून काढायला लावतो, कारण सगळे प्रकरण या एका मुद्द्यावर उभे आहे. जिथे मैला आणि पिण्याचे पाणी यांची फारकत झालेली नसते, तिथे हिपॅटायटिस एचा विषाणू मुलांना बालपणीच गाठतो. लहान मुलांत तो बहुधा कावीळसुद्धा न करता, चार दिवसांच्या तापासारखा किंवा काहीच न दाखवता निघून जातो आणि जन्मभराची प्रतिकारशक्ती मागे ठेवतो. म्हणजे अशा प्रदेशात वीस-तीस वर्षांचा माणूस हिपॅटायटिस एपासून सुरक्षित असायला हवा. मग मैलापाण्यातून आलेल्या साथीत मुले कमी आणि तरुण माणसेच जास्त पिवळी पडत असतील, तर तो विषाणू एचा कसा असू शकेल?

घरोघर

खुरू यांच्या अभ्यासाचे मोल असे, की त्यांनी रुग्णालयात आलेल्या काविळींवर समाधान मानले नाही. एकाच पाण्यावर अवलंबून असलेल्या १६,६२० लोकवस्तीत त्यांनी पाहणी केली आणि त्यात काविळीचे २७५ रुग्ण आढळले, म्हणजे शेकडा १.६५. आकडा वरवर पाहता लहान वाटतो. पण हा फक्त डोळे पिवळे झालेल्यांचा हिशेब आहे. अशा साथीत ज्यांना विषाणू चाटून जातो पण कावीळ होत नाही, त्यांची संख्या याहून निश्चितच मोठी असते.

काविळीसाठी घरोघर पाहणी करणे म्हणजे काय, हे ज्याने ती एकदा केली आहे त्याला नीट ठाऊक असते. माणसाला दाराबाहेर, दिवसाच्या उजेडात आणावे लागते, कारण घरातल्या दिव्याच्या पिवळ्या प्रकाशात फिकट कावीळ हमखास निसटते. वरची पापणी अंगठ्याने हलकेच उचलायची आणि त्याला आपल्या पायांकडे पाहायला सांगायचे. एरवी पापणीखाली झाकलेला डोळ्याचा पांढरा भाग मोकळा होतो आणि तिथे हळदीचे बोट पुसल्यासारखी छटा दिसते. रक्तातले बिलिरुबिन हे पिवळे रंगद्रव्य दर शंभर मिलिलिटरला साधारण अडीच-तीन मिलिग्रॅमपर्यंत चढल्याशिवाय ती छटा अनुभवी नजरेलाही दिसत नाही. मग प्रश्न सुरू होतात: लघवी चहासारखी गडद झाली का, अन्नाचा वास नकोसा झाला का, ताप आधी आला की डोळे आधी पिवळे झाले, घरात आणखी कोणाला असे झाले का, पाणी कुठून भरता. बाई असेल तर पाळी कधी आली हेही विचारावे लागते, आणि ते विचारायला घरातली जाणती बाई मध्यस्थ लागते. यातला प्रत्येक प्रश्न निरोगी माणसालाही विचारायचा असतो. थकलेला पाहणी करणारा नेमका इथेच हात आखडता घेतो, आणि छेद बिघडतो.

गरोदर स्त्रियांचा हिशेब याच मोजणीतून निघाला आणि तो १९८१ मध्ये स्वतंत्र निबंध म्हणून प्रसिद्ध झाला. पाहणीत २०८ गरोदर स्त्रिया होत्या. त्यांपैकी ३६ जणींना कावीळ झाली, म्हणजे शेकडा १७.३. त्याच वस्तीतल्या, मूल होण्याच्या वयातल्या पण गरोदर नसलेल्या ३,३५० स्त्रियांपैकी ७१ जणींना कावीळ झाली, म्हणजे शेकडा २.१. पंधरा ते पंचेचाळीस वयाच्या ३,८२२ पुरुषांपैकी १०७ जणांना झाली, म्हणजे शेकडा २.८. पाणी तेच, घरे तीच, वय तेच. तरी गरोदरपणात काविळीचे प्रमाण सुमारे आठपट.

त्यातही तिमाहीप्रमाणे फरक होता. पहिल्या तिमाहीत शेकडा ८.८, दुसऱ्या तिमाहीत १९.४ आणि तिसऱ्या तिमाहीत १८.६ स्त्रियांना कावीळ झाली. यकृत एकदम निकामी होऊन रुग्ण गुंगीत जाण्याचा प्रकार कावीळ झालेल्या ३६ गरोदर स्त्रियांपैकी ८ जणींत घडला. गरोदर नसलेल्या ७१ जणींपैकी एकीलाही तसे झाले नाही, आणि १०७ पुरुषांपैकी तिघांना झाले. त्या आठही जणी तिसऱ्या तिमाहीतल्या होत्या. म्हणजे शेवटच्या तीन महिन्यांत कावीळ झालेल्या स्त्रियांपैकी शेकडा ४४.४ जणींचे यकृत कोसळले.

हे आकडे मी जेव्हा जेव्हा फळ्यावर लिहितो तेव्हा वर्गात काही क्षण शांतता पसरते. दवाखान्यात काम करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर या आकड्यांमागची बाई उभी राहते. आठवा महिना, दोन दिवस मळमळ, तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे, आणि मग तिची झोप उलटते: दिवसा पेंगते, रात्री टक्क जागी राहते, सासूला आईच्या नावाने हाक मारते. हात पुढे करून पंजे वर उचलून धरायला सांगितले तर पंजे फडफडतात. इथपासून मूर्च्छेपर्यंतचे अंतर काही वेळा एका दिवसाचेही नसते.

एक सावधगिरी मात्र इथेच नोंदवली पाहिजे. या पाहणीने संसर्ग मोजला नाही. मोजली ती दिसणारी कावीळ. तेव्हा गरोदर स्त्रियांना विषाणूची लागण अधिक झाली, की लागण सगळ्यांना सारखीच होऊन त्यांच्यात ती अधिक वेळा काविळीच्या रूपाने प्रकट झाली, हे या आकड्यांवरून सांगता येत नाही. मला दुसरी शक्यता जास्त संभाव्य वाटते. यकृत निकामी होण्याच्या आकड्याला मात्र हा आक्षेप लागू होत नाही, कारण तिथे छेद कावीळ झालेल्यांचाच आहे.

रक्ताने काय सांगितले, काय नाही सांगितले

पाहणीने प्रश्न टोकदार केला होता. रक्तद्रवाच्या चाचण्यांनी एकेक दार बंद केले. नवा संसर्ग झाला की शरीरात आधी एम वर्गाची प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूशी लढणारी प्रथिने, तयार होतात आणि काही महिन्यांत मावळतात. जी वर्गाची प्रतिपिंडे मागाहून येतात आणि वर्षानुवर्षे टिकतात. रुग्णांच्या रक्तात हिपॅटायटिस एविरुद्धची एम प्रतिपिंडे केवळ एका नमुन्यात सापडली. जुन्या संसर्गाची खूण मात्र सगळ्यांच्या रक्तात होती. म्हणजे या माणसांना हिपॅटायटिस ए पूर्वीच कधीतरी होऊन गेला होता, आणि आताची कावीळ त्याची नव्हती. हिपॅटायटिस बीच्या खुणा काही रुग्णांत मिळाल्या, पण त्यांचे प्रमाण तिथल्या निरोगी लोकांत असते तेवढेच होते, तेव्हा तोही सुटला.

उरला रक्तातून पसरणारा ‘ना ए, ना बी’. त्याच्याशी तुलना करताना खुरू यांना पाहणीतली माहिती पुन्हा उपयोगी पडली. ही कावीळ पाण्यातून एकाच वेळी शेकडो घरांत शिरली होती. बरे झालेले रुग्ण पूर्ण बरे होत होते, कोणाचा आजार रेंगाळून जुनाट होत नव्हता. आणि गरोदरपणातली तिची तीव्रता रक्तातून येणाऱ्या काविळीत कोणी पाहिलेली नव्हती. ‘नाही’ म्हणणाऱ्या चाचण्यांच्या ढिगातून होकारार्थी निष्कर्ष काढणे हे नेहमीच धोक्याचे असते, कारण चाचणी नकारार्थी येण्याचे एक कारण चाचणी वाईट असणे हेही असू शकते. इथे तो धोका टळला याचे श्रेय मी आजाराच्या या पूर्ण चित्राला देतो. नुसते नमुने परदेशी प्रयोगशाळेत गेले असते आणि सोबत गावाची मोजणी नसती, तर उत्तर बहुधा ‘कारण अज्ञात’ एवढेच आले असते.

खुरू यांनी पुढे स्वतः मांडलेल्या हिशेबानुसार काश्मीरमधील या साथीत सुमारे ५२,००० लोकांना कावीळ झाली आणि सुमारे १,७०० मृत्यू झाले.

त्याच वर्षी, पुण्यात

१९८० मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये दुसरा निबंध आला, आणि त्याचा धागा महाराष्ट्रात आहे. पुण्याचे विषाणू संशोधन केंद्र १९५२ मध्ये सुरू झाले आणि १९७८ मध्ये त्याचे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था असे नामकरण झाले. तिथल्या डॉ. खोर्शेद पावरी व त्यांचे सहकारी आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले रॉबर्ट पर्सेल व त्यांचे सहकारी यांनी मिळून भारतातल्या काविळींचे साठवलेले नमुने नव्या चाचण्यांनी तपासले. त्यांत दिल्लीच्या १९५५-५६ च्या साथीचे नमुने होते, अहमदाबादच्या १९७५-७६ च्या साथीचे होते, आणि पुण्यात १९७८-७९ मध्ये आढळलेल्या रुग्णांचेही होते. हिपॅटायटिस एचा ताजा संसर्ग या काविळींचे कारण ठरत नाही, असे त्यातून निघाले. पंचवीस वर्षे पाठ्यपुस्तकांत हिपॅटायटिस एचा नमुनेदार दाखला म्हणून मिरवलेली दिल्लीची साथ अशा रीतीने त्या सदरातून बाहेर पडली.

दोन अभ्यास एकमेकांना कसे पूरक ठरले ते पाहण्यासारखे आहे. पुण्याच्या संशोधकांपाशी काळाचा पल्ला होता: तीन शहरे, दोन तपांहून अधिक काळ, गोठवून जपलेले रक्तद्रव. काश्मीरच्या अभ्यासापाशी ताजी साथ होती, घरे होती आणि छेद होता. एकाने सांगितले की हा अज्ञात विषाणू भारतात फार दिवसांपासून आहे. दुसऱ्याने सांगितले की तो कोणाला आणि कसा मारतो.

विषाणू दिसला

विषाणू प्रत्यक्ष दाखवण्याचे काम मॉस्कोत झाले, आणि ज्या मार्गाने झाले तो आज कोणतीही नीतिसमिती मान्य करणार नाही. अफगाणिस्तानातल्या सोव्हिएत सैनिकांत कावीळ पसरली होती. मॉस्कोच्या पोलिओ व विषाणुजन्य मेंदूदाह संस्थेतले मिखाईल बालायान यांनी नऊ रुग्णांच्या विष्ठेचा अर्क एकत्र करून तो स्वतः घेतला. त्यांना हिपॅटायटिस ए पूर्वी होऊन गेला होता, त्यामुळे कावीळ झालीच तर ती एची असणार नाही याची त्यांना खात्री होती. छत्तिसाव्या दिवशी त्यांना कावीळ झाली. स्वतःच्या विष्ठेत त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली २७ ते ३० नॅनोमीटर व्यासाचे गोल कण पाहिले, बरे झाल्यावरच्या स्वतःच्या रक्तद्रवाने ते कण एकत्र गोळा होतात हे दाखवले, आणि तोच आजार माकडांतही उत्पन्न केला. हा निबंध १९८३ चा. त्यानंतर १९९० मध्ये ग्रेगरी रेयेस आणि सहकाऱ्यांनी विषाणूच्या जनुकीय साखळीचा भाग वेगळा काढला, आणि हिपॅटायटिस ई हे नाव रूढ झाले. सुमारे ७,२०० अक्षरांची एकपदरी आरएनए साखळी, एवढाच त्याचा पसारा.

चाचणी हाती आल्यावर खुरू आपल्या जुन्या रुग्णांकडे परत गेले. साथीनंतर चौदा वर्षांनी त्या वेळच्या ४५ जणांचे रक्त तपासले, तेव्हा २१ जणांत हिपॅटायटिस ईविरुद्धची प्रतिपिंडे अजून शिल्लक होती. १९७८ च्या अनुमानाला असा साक्षीपुरावा १९९३ मध्ये मिळाला. अर्थात उरलेल्या २४ जणांत ती सापडली नाहीत, हेही तितकेच महत्त्वाचे आहे: एकदा झालेली लागण जन्मभर राखण करतेच असे या विषाणूबद्दल गृहीत धरता येत नाही, आणि तरुण माणसेच पुन्हा पुन्हा का सापडतात याचे एक कारण तिथे असू शकते. १९९५ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी शेवटच्या तिमाहीत हा आजार झालेल्या मातांच्या आठ बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी सहा बाळांत संसर्गाचा पुरावा मिळाला. आई वाचली तरी बाळ सुटतेच असे नाही, हे तोवर कोणी दाखवले नव्हते.

जे अजून सुटलेले नाही

गरोदरपणात हा विषाणू इतका घातक का होतो, याचे समाधानकारक उत्तर आजही हाती नाही. गर्भ टिकवून धरण्यासाठी शरीराची प्रतिकारयंत्रणा आपला पवित्रा बदलते, संप्रेरकांची पातळी अनेकपट वाढते, आणि या बदलांत विषाणूला मोकळे रान मिळत असावे, अशी मांडणी केली जाते. पण मग इजिप्तमध्ये, जिथे हा विषाणू सर्रास आढळतो, गरोदर स्त्रियांत अशी मृत्यूची लाट का दिसत नाही, याचा जबाब तीतून मिळत नाही. विषाणूच्या उपप्रकारांतला फरक, लागण कोणत्या वयात झाली, आईच्या पोषणाची स्थिती, अशी अनेक कारणे सुचवली गेली आहेत. त्यांपैकी एकाचेही पारडे निर्णायकपणे जड झालेले नाही.

उपचारांच्या बाबतीतही फारसे हाती नाही. गरोदर स्त्रीला देता येईल असे खात्रीचे विषाणूविरोधी औषध नाही. लक्ष ठेवणे, साखर उतरू न देणे, रक्तस्राव सांभाळणे, मेंदूची सूज ओळखणे, आणि वेळेत अतिदक्षता विभागात पोहोचवणे एवढेच. आपल्याकडे काविळीचे औषध देणारी, काविळीची माळ घालणारी माणसे गावोगाव आहेत, आणि त्यांच्यावर लोकांचा विश्वास असण्याचे कारण सरळ आहे: पाण्यातून झालेली कावीळ शंभरांतल्या बहुतेकांची आपोआप उतरते, आणि जे केले त्याला यश दिसते. सातव्या-आठव्या महिन्यातल्या बाईच्या बाबतीत मात्र माळ लांबत जाण्याची वाट पाहण्यात गेलेले तीन दिवस हेच तिच्या हातातले तीन दिवस असतात. म्हणून आशाताईंच्या प्रशिक्षणात मी एवढे एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगतो: गरोदर बाईचे डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात, आणि झोप उलटली असेल तर त्याच तासाला.

साथी थांबलेल्या नाहीत. कानपुरात १९९१ मध्ये अंदाजे ७९,००० लोकांना या विषाणूची कावीळ झाली. पंचगंगेच्या काठी इचलकरंजीत २०१२ मध्ये सांडपाणी मिसळलेल्या पिण्याच्या पाण्यातून हीच साथ आली. शिमल्यात २०१५-१६ च्या हिवाळ्यात तेच घडले. गावे बदलतात, पण दिल्लीच्या अहवालातले वर्णन प्रत्येक ठिकाणी ओळीमागून ओळ लागू पडते.

लसही आहे. नेपाळच्या सैन्यात सुमारे २,००० जणांवर घेतलेल्या एका लसीच्या चाचणीचे उत्तम निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले, पण ती लस बाजारात आलीच नाही. हे मला या सगळ्या इतिहासातले सर्वांत क्लेशदायक पान वाटते, कारण ज्यांना तिची गरज होती त्या बहुतेक गरीब देशांतल्या गरोदर स्त्रिया होत्या. शियामेन विद्यापीठातल्या संशोधकांनी विकसित केलेल्या दुसऱ्या लसीची चाचणी चीनमध्ये १,१२,६०४ जणांवर झाली, तिचे निष्कर्ष २०१० मध्ये आले आणि २०११ मध्ये तिला तिथे परवाना मिळाला. तीन मात्रा, सहा महिन्यांत. मूळ चाचणीत गरोदर स्त्रियांना घेतलेले नव्हते. गरोदर राहिल्याचे नंतर कळलेल्या थोड्याच जणींची माहिती तिच्यात होती. ज्यांच्यासाठी लस सर्वांत मोलाची, त्यांच्याविषयीचा पुरावाच सर्वांत तोकडा, अशी ही अडचण पुढची अनेक वर्षे कायम राहिली.

साथ चालू असताना या लसीचा सार्वजनिक वापर पहिल्यांदा झाला तो मार्च २०२२ मध्ये, दक्षिण सुदानातल्या बेंतिऊ येथील विस्थापितांच्या छावणीत. तिथल्या आरोग्य मंत्रालयाने आणि ‘सीमांविना डॉक्टर’ या संस्थेने मिळून सोळा ते चाळीस वर्षांच्या लोकांना ती दिली, आणि त्या रांगेत गरोदर स्त्रियांनाही घेतले.